शेरी कास्क सिंगल माल्टचं टेस्टिंग मित्रांसोबत कसं करायचं

शेरी कास्कवाली, म्हणजे शेरी या वाइनच्या पिंपात मुरलेली, सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीची, फक्त मोड आणून वाळवलेल्या जवाची व्हिस्की) मित्रांना बोलावून चाखायची म्हटलं की बहुतेक जण हातात येतील त्या तीन-चार महागाच्या बाटल्या टेबलावर ठेवतात, ग्लास भरतात, आणि अर्ध्या तासात सगळ्यांचं मत एकच असतं, "स्मूद आहे". संध्याकाळ छान जाते यात वाद नाही, पण शेरी कास्कने त्या व्हिस्कीचं नेमकं काय केलं हे कुणालाच कळलेलं नसतं. माझं स्पष्ट म्हणणं आहे की शेरीवाली माल्ट एकटी चाखून समजतच नाही, ती कशाच्या तरी शेजारी ठेवूनच समजते. म्हणून बाटल्या किती भारी आहेत त्यापेक्षा त्या एकमेकींच्या शेजारी का आहेत हे आधी ठरवा, बाकी सगळं त्यातून आपोआप येतं.

आधी थोडं पिंपाबद्दल, कारण हे माहीत नसेल तर वास घेताना आपण काय शोधतोय तेच कळत नाही. शेरी म्हणजे स्पेनच्या दक्षिणेला हेरेस शहराच्या आसपास बनणारी, वरून थोडं स्पिरिट घालून जास्त स्ट्राँग केलेली वाइन. तिचे प्रकार बरेच आहेत, पण व्हिस्कीच्या लेबलवर मुख्यतः दोन नावं दिसतील, ओलोरोसो आणि पेद्रो हिमेनेस, ज्याला सगळे पीएक्स म्हणतात. ओलोरोसो हवेच्या संपर्कात वर्षानुवर्षं मुरते, तिला अक्रोड, सुकामेवा, जुनं लाकूड असा वास असतो आणि मुळात ती कोरडी असते, गोड नसते. पीएक्स बरोब्बर उलट, द्राक्षं उन्हात वाळवून करतात, लिटरमागे 200 ग्रॅमपेक्षा जास्त साखर असते आणि ओतली की काकवीसारखी दाट पडते.

पूर्वी ही शेरी पिंपांतून ब्रिटनला जायची, तिथे बाटल्यांत भरली जायची, आणि रिकामी पिंपं परत पाठवण्यापेक्षा स्कॉटलंडच्या डिस्टिलरीवाल्यांना विकणं सोपं होतं. म्हणजे सुरुवात चवीच्या हौसेने वगैरे झालेली नाही, पिंपं स्वस्तात मिळत होती म्हणून झाली. 1980 च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद करायचा नियम आला आणि ही वाहतुकीची पिंपं संपली. आज जे शेरी कास्क म्हणून येतं ते बहुतेक वेळा मुद्दाम व्हिस्कीसाठी बनवलेलं नवीन पिंप असतं, त्यात शेरी भरून साधारण वर्ष-दोन वर्षं ठेवतात, याला सीझनिंग म्हणतात, मग ती शेरी काढून पिंप स्कॉटलंडला पाठवतात. शेरी बनवणारे स्वतःची वाइन ज्या जुन्या पिंपांत दशकानुदशकं मुरवतात ती सहसा कुणी विकत नाही. याचा अर्थ असा की ग्लासात आपल्याला जे लागतं ते जितकं शेरीचं असतं तितकंच, कदाचित जास्तच, लाकडाचं असतं. पिंप युरोपियन ओकचं असेल तर लवंग, दालचिनी, कडक टॅनिन (तोंड आवळणारा तुरटपणा), गडद सुकामेवा असं जातं, अमेरिकन ओकचं असेल तर व्हॅनिला, टॉफी, नारळ असा गोडसर सूर येतो, आणि शेरी दोन्हीत मुरलेली असू शकते. हे एवढं डोक्यात ठेवलं तरी टेस्टिंग वेगळ्याच लेव्हलला जातं.

आता बाटल्या. चार पुरे, पाचवी काढलीत तर नाक थकतं आणि शेवटच्या बाटलीवर अन्याय होतो. पहिली बाटली शेरीचा अजिबात संबंध नसलेली हवी, फक्त बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या कास्कमध्ये मुरलेली. लोक इथेच कंटाळा करतात, म्हणतात शेरीचं टेस्टिंग आहे तर ही कशाला. पण हीच तर पट्टी आहे मोजायची! माझी आवडती जोडी म्हणजे ग्लेनमोरांजी ओरिजिनल आणि तिच्या शेजारी ग्लेनमोरांजी लासांटा. डिस्टिलरी एकच, स्कॉटलंडमधल्या सगळ्यात उंच स्टिल्समधून (दारू गाळायच्या भांड्यांतून) आलेलं तेच हलकं स्पिरिट, पण पहिली बर्बन कास्कची आणि दुसरी बर्बन कास्कमध्ये मुरून मग ओलोरोसो आणि पीएक्सच्या पिंपात शेवटचा थोडा काळ ठेवलेली, म्हणजे फिनिश केलेली. दोन्ही ग्लास एकामागोमाग हुंगले की शेरी कास्कने काय आणलं हे नवख्या माणसालाही दहा सेकंदांत कळतं, कुणी समजावून सांगावं लागत नाही. तिसरी अशी हवी की जी पूर्ण वेळ शेरी कास्कमध्येच राहिलीय, फक्त फिनिश नाही. ग्लेनड्रोनॅक 12 घ्या (हा आकडा वर्षांचा), पीएक्स आणि ओलोरोसो दोन्ही आहे आणि 43 टक्के अल्कोहोल असल्याने झोंबत नाही, किंवा 1865 पासून ग्रँट कुटुंबाकडेच असलेल्या ग्लेनफार्क्लासची 15 घ्या, ती 46 टक्के आहे. चौथी कास्क स्ट्रेंथ, म्हणजे बाटलीत भरताना पाणी घालून उतरवलेली नाही अशी. अबर्लावर अ'बुना यासाठी बेस्ट, ओलोरोसोच्या फर्स्ट फिल (शेरीनंतर पहिल्यांदाच व्हिस्की भरलेल्या) पिंपांतली, प्रत्येक बॅचला नंबर आणि ताकद साठ टक्क्यांच्या आसपास. नाही मिळाली तर ग्लेनफार्क्लास 105, तीही 60 टक्के, 105 हा ताकद मोजायच्या जुन्या ब्रिटिश प्रूफ मापाचा आकडा आहे, वयाचा नाही.

आणि एक गोष्ट जी जवळजवळ कुणीच करत नाही पण मी अगदी आग्रहाने सांगेन, ओलोरोसो शेरीचीच एक छोटी बाटली आणा. खरी शेरी न हुंगता शेरी कास्कबद्दल तासभर बोलणं मला पटत नाही. कोरडी ओलोरोसो घ्या, क्रीम शेरी नको, ती गोड केलेली असते आणि तिने सगळा गोंधळ होतो.

लेबल वाचताना चार गोष्टी बघा. "फिनिश" लिहिलंय का, म्हणजे शेरीचं पिंप शेवटच्या काही महिन्यांपुरतं किंवा एक-दोन वर्षांपुरतं वापरलंय. "फर्स्ट फिल" लिहिलंय का, म्हणजे शेरीनंतर त्या पिंपात पहिल्यांदाच व्हिस्की भरली गेली, अशा पिंपाचा ठसा सगळ्यात जोरात असतो, रीफिल पिंप जास्त सौम्य असतं आणि तिथे डिस्टिलरीचं स्वतःचं कॅरॅक्टर जास्त दिसतं. मग वय, जे नेहमी त्या बाटलीतल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीचं असतं, आणि खरं सांगायचं तर शेरी माल्टमध्ये मी वयाला दुसरा नंबर देतो, पिंपाला पहिला. शेवटी रंग, आणि इथे फसू नका. स्कॉचमध्ये पाणी सोडून फक्त साधा कॅरॅमल रंग घालायला परवानगी आहे, ई150ए, त्यामुळे गडद तपकिरी दिसली म्हणजे शेरी जास्त असं अजिबात नाही. नॅचरल कलर लिहिलेलं असेल तरच रंगावर काही बोलण्यात अर्थ आहे. जर्मनीत विकल्या जाणाऱ्या बाटलीवर रंग घातला असेल तर तसं छापावं लागतं, त्यामुळे तिकडची बाटली हातात आली तर ते जरूर वाचा, बऱ्याच मोठ्या नावांबद्दल तिथे कळतं.

माणसं चार ते सहा. त्यापेक्षा जास्त झाली की दोन गट पडतात आणि मग ती पार्टी होते, टेस्टिंग राहत नाही. बोलावतानाच सांगा की परफ्यूम, आफ्टरशेव्ह, वासाचं हँड क्रीम नको, आणि येण्याआधी अर्धा-एक तास कॉफी, सिगरेट, पुदिन्याची गोळी नको. रिकाम्या पोटी कुणी येऊ नये, पण पोटभर मसालेदार खाऊनही नको. घरात फोडणी किंवा तळण झालं असेल तर खिडक्या उघडून खोली मोकळी करून घ्या. अगरबत्ती, सुगंधी मेणबत्ती बंद. गाडी चालवत घरी जायचंय असं कुणीही नको, हा विषय निमंत्रणातच मिटवून टाका, नंतर दारात उभं राहून वाद घालायला लागू नये.

ग्लास तळाशी फुगीर आणि वर निमुळता हवा, वास गोळा व्हायला. 2001 मध्ये आलेला ग्लेनकेर्न ग्लास आता सगळीकडे दिसतो तो यासाठीच, आणि तो नसेल तर शेरीचा कोपिता किंवा छोटा वाइन ग्लास मस्त चालतो, रुंद सपाट टंबलर मात्र नको, त्यात अर्धा वास खोलीत निघून जातो. प्रत्येकाला चार व्हिस्कीचे चार ग्लास मिळाले तर उत्तम, कारण परत मागे जाऊन पहिल्या ग्लासशी ताडून बघता येणं हेच तर या सगळ्याचं मर्म आहे. पाहुणे यायच्या आधी प्रत्येक रिकामा ग्लास स्वतः हुंगून बघा, प्लीज. कपाटात उलटे ठेवलेले ग्लास आत कोंदट लाकडाचा वास पकडतात, ओलसर टॉवेलने पुसले की त्याचा वास येतो, साबणाचा लिंबू तर हमखास राहतो. गरम पाण्याने विसळून हवेवर उलटे, थोडे तिरके ठेवून वाळवले की काम होतं.

आता ओतणं. प्रत्येक ग्लासात 15 मिली, जास्त नको. चार ग्लासांचे मिळून 60 मिली होतात आणि त्यात एक साठ टक्क्यांची आहे हे विसरू नका, परत चाखायला लागेल म्हणून बाटली जवळ असतेच. चारही व्हिस्की एकदमच ओतून ठेवा आणि ग्लासावर छोटी बशी किंवा जाड कागदाचा तुकडा झाका. दहा-पंधरा मिनिटं तशीच राहू द्या, स्पिरिटचा पहिला झणका उतरतो. जमलं तर बाटल्या कागदात गुंडाळून फक्त नंबर टाका. नाव दिसलं की माणूस नावाची चव घेतो, हे माझ्याबाबतीतही होतं आणि सगळ्यांबाबतीत होतं, त्यामुळे लपवलेल्या बाटल्यांचं टेस्टिंग जास्त खरं असतं.

सुरुवात शेरीने करा. ओलोरोसोचा एक छोटा घोट, प्रत्येकाने. नाकाला मनुका-अक्रोड आणि जिभेला एकदम कोरडी, या विरोधाने पहिल्यांदा पिणारा चमकतोच, आणि तिथेच सगळ्यांच्या लक्षात येतं की शेरी म्हणजे गोड हे समीकरण चुकीचं आहे. हा ग्लास उचलू नका, शेवटपर्यंत टेबलावर राहू दे, मध्ये मध्ये हुंगायला लागेल.

मग व्हिस्की, आणि पहिल्यांदा फक्त नाक. वाइनसारखा ग्लास गरागरा फिरवायचा नाही, त्याने अल्कोहोलच उसळून वर येतं. ग्लास हनुवटीजवळ आणा, तोंड किंचित उघडं ठेवा, हळूहळू वर न्या, जिथे झोंबायला लागेल तिथून जरा मागे या. एकदा डावी नाकपुडी, एकदा उजवी, खरंच वेगवेगळं येतं. नंतर तीन-चार मिनिटं पूर्ण शांतता, प्रत्येकाने आपापल्या कागदावर लिहायचं, कुणी एक शब्द बोलायचा नाही. हा नियम मी सगळ्यात कडक पाळायला लावतो. कारण एकाने मोठ्याने "संत्र्याची साल" म्हटलं की पुढची पाच मिनिटं सगळ्यांना संत्र्याची सालच येते, आणि ज्याला चामड्याचा वास आला होता तो बिचारा गप्प बसतो. ज्याने बाटल्या आणल्यात त्याने तर सगळ्यात शेवटी बोलावं, आणि सगळ्यात नवख्या माणसाने सगळ्यात आधी.

बोलायला लागलात की एकमेकांना खोदून विचारा. कुणी "सुकामेवा" म्हटलं तर तिथे थांबू नका, कोणता? काळी मनुका की पिवळा बेदाणा? खजूर, अंजीर की जर्दाळू? नुसता कोरडा की रममध्ये भिजवलेला, की केकमध्ये भाजला गेलेला? "मसाला" म्हटलं तर लवंग, दालचिनी की जायफळ? या प्रश्नांनी लोक परत ग्लासात नाक घालतात आणि आधी न सापडलेलं सापडतं, टेस्टिंगची खरी मजा मला तरी इथेच येते. उत्तरं जुळलीच पाहिजेत असं नाही, प्रत्येकाच्या वासाच्या आठवणी वेगळ्या. ग्लेनड्रोनॅकसारख्या माल्टमध्ये सुरुवातीला मनुका आणि चॉकलेट येतं, दहा मिनिटांनी परत या, तेव्हा बऱ्याचदा ते मागे सरकतं आणि मऊ चामडं, पॉलिश केलेलं लाकूड, किंचित तंबाखूचं पान असं काहीतरी पुढे येतं. म्हणून घाई करू नका, एका व्हिस्कीला वीस मिनिटं अगदी आरामात द्या.

इथेच एक वास येऊ शकतो ज्याबद्दल आधी बोलून ठेवलेलं बरं. विझलेली काडेपेटीची काडी, रबर, कधी उकडलेल्या अंड्याची झाक. हा गंधक. लाकडी पिंप आतून खराब होऊ नये म्हणून त्यात गंधकाची कांडी जाळायची जुनी पद्धत आहे, त्याचा अंश राहतो, शिवाय थोडा गंधक स्पिरिटमध्येच मुळात असतो. काही जणांना तो लगेच कळतो आणि सहन होत नाही, काहींना अजिबात जाणवत नाही, काहींना थोडासा असेल तर आवडतोही. त्यामुळे एकाच टेबलावर एक म्हणतो "बिघडलीय" आणि दुसरा म्हणतो "काय सुंदर आहे", आणि दोघंही खरं बोलत असतात. ज्याला खटकतोय त्याला समजावत बसू नका, त्याचा ग्लास बाजूला झाकून ठेवा आणि अर्ध्या तासाने परत द्या, काही वेळा उडून जातो, काही वेळा नाही.

चव घेताना पहिला घोट अगदी थेंबभर, तो फक्त तोंडाला सवय व्हायला, त्याच्यावर मत बनवू नका. दुसरा घोट जरा बरा घ्या, जिभेवरून, जिभेखालून, हिरड्यांपर्यंत फिरवा, पाच-दहा सेकंद ठेवा, गिळा आणि तोंड बंद ठेवून नाकाने श्वास सोडा, अर्धी चव त्या श्वासात असते. शेरी माल्टमध्ये खास बघायचं ते टॅनिन, जास्त वेळ उकळलेल्या चहाने जशी जीभ आणि हिरड्या आवळतात तसं. थोडं असेल तर गोडव्याला आधार मिळतो, व्हिस्कीला कणा येतो, पण पिंप फारच हावी झालं असेल तर शेवटी नुसतं कडवट लाकूड उरतं आणि मग डिस्टिलरी कोणती हेच कळेनासं होतं. लासांटा आणि अ'बुना लागोपाठ घेतल्या की हा फरक हिरड्यांनाच समजतो. आणि गिळल्यावर चव किती वेळ टिकते, कशी बदलते, चॉकलेट होत जाते की मिरी होत जाते, हे लिहा, कारण चांगल्या शेरी माल्टचा शेवट फार लांब असतो आणि तिथे लक्ष दिलं नाही तर अर्धी व्हिस्की वायाच गेली.

पाणी घालायचंच, पण आधी नीट चाखून झाल्यावर. रूम टेंपरेचरचं साधं पाणी, ड्रॉपरने किंवा चमच्याने, दोन-तीन थेंब, हुंगा, परत दोन-तीन. 2017 मध्ये स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी कॉम्प्युटर सिम्युलेशनने दाखवलं होतं की व्हिस्की पातळ केली की ग्वायकॉलसारखे चवीचे रेणू पृष्ठभागाकडे येतात, म्हणजे पाण्याने व्हिस्की खुलते हे नुसतं बोलण्यापुरतं नाही. 43 टक्क्यांच्या बाटलीला थेंबच पुरतात, जास्त झालं तर पानचट होऊन जाते. अ'बुनासारखीला मात्र बिनधास्त चमचाभर घाला, पाण्याआधी नुसती आग आणि मनुका, पाण्यानंतर संत्रं, आलं, चेरी असं एकेक उलगडत जातं. चिल फिल्टर न केलेली (थंड करून न गाळलेली) व्हिस्की पाण्याने जराशी धुरकट दिसते, घाबरू नका, ती चांगली खूण आहे. बर्फ आज नको, थंडीने वास मिटतो आणि टॅनिन जास्त टोचतं, बर्फाची हौस टेस्टिंग संपल्यावर भागवा.

मध्ये मध्ये साधा ब्रेड किंवा बिनमिठाची बिस्किटं आणि भरपूर पाणी. डार्क चॉकलेट, अक्रोड, ब्लू चीज हे सगळं शेरी माल्टसोबत जबरदस्त जातं, पण ते शेवटी, चारही चाखून आणि लिहून झाल्यावर. आधी चॉकलेट खाल्लंत तर प्रत्येक ग्लासात चॉकलेटच सापडणार.

क्रम मी वर दिला तोच, हलकीकडून जडकडे, कमी टक्क्यांकडून जास्तीकडे. पीटच्या (दलदलीतल्या जळाऊ मातीच्या) धुराची व्हिस्की यात घुसडू नका, फारच हौस असेल तर हायलँड पार्क 12 सगळ्यात शेवटी, तिच्यात शेरीचं पिंप आणि ऑर्कनी बेटावरचा हलका धूर एकत्र आहे. चौथा ग्लास झाला की बाटल्या उघड करायच्या आधी पहिल्या ग्लासकडे एकदा सगळ्यांनी परत जा, जो सुरुवातीला साधा वाटला होता. बऱ्याच जणांना आता त्यात लिंबूवर्गीय फळं, मध, फुलं असं बरंच काही दिसतं, आणि काही जण तर प्रामाणिकपणे सांगतात की मला हीच जास्त आवडली. हेही निघालं पाहिजे टेस्टिंगमधून, शेरी सगळ्यांना आवडलीच पाहिजे असं नाही. मग कागद उघडा, बाटल्यांचे कागद काढा, आणि कुणी काय लिहिलं ते वाचा.

उरलेल्या व्हिस्कीचं काय करायचं ते सांगतो. बाटली उभीच ठेवा, वाइनसारखी आडवी नको, स्ट्राँग अल्कोहोलने बुच कुरतडतं. उन्हापासून लांब. अर्ध्यापेक्षा खाली गेलेली बाटली महिनोन् महिने तशीच पडणार असेल तर छोट्या स्वच्छ काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, हवा कमी लागते. शेरीची उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, ओलोरोसो काही आठवडे छान राहते. आणि प्रत्येक बाटलीला उघडल्याची तारीख लिहून चिठ्ठी लावा, कारण शेरी माल्ट उघडल्यावर पहिल्याच दिवशी बऱ्याचदा आखडलेली असते आणि दोन-तीन आठवड्यांनी जास्त मोकळी लागते, तेव्हा त्याच मित्रांना तीच बाटली परत लपवून द्या आणि आधीचे कागद शेजारी ठेवून जुळवून बघा.